जिन्याची खुर्ची खाली कशी गेली

१२ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटं मी आज जिन्यात लटकले होते. ना वर, ना खाली. बरोबर मधोमध, सेराफीमच्या फोटोसमोर. नवऱ्याला जाऊन पंधरा वर्षं झाली, पण एवढा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे आम्ही तो जिवंत असतानाही कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर धुतलेल्या मोज्यांची टोपली. सगळ्या जोड्या लावून झाल्या. मग विस्कटून पुन्हा लावल्या.

खुर्ची बिघडली नव्हती. खुर्ची बिघडवली होती — माझ्या नातीने! नेलिया जिन्याच्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीत आहे. रुळावरून खुर्ची वर जाते, खाली येते. तिच्या डोक्यात काय चालावं ते नेलिया लिहिते. कंपनीत चाचणीसाठी एक जिना आहे म्हणे. पाच पायऱ्यांचा, कुठेही न जाणारा. आमचा तेरा पायऱ्यांचा, आणि वरच्या टोकाला माझी खोली. म्हणून पोरगी सगळे प्रयोग माझ्यावर करते.

"वोवो, मी फक्त एक ओळ घातली गं!" खाली उभी राहून म्हणत होती. आजीला ती वोवो म्हणते. एक मोजा पायात, दुसरा माझ्या टोपलीत.

तिच्या साहेबाने, ग्रेगने, सांगितलं होतं की खुर्ची चार्जिंगच्या जागी नसेल तर तिने पिंपिं करावं. एवढंच. ती ओळ घातली, आणि खुर्चीला वाटायला लागलं की ती जिन्याच्या मध्यातच मुक्कामाला पोचली. पोचली म्हणजे काम संपलं!

"मग सांग ना तिला, नाही पोचलीस म्हणून."

"ऐकत नाहीये."

"तुझ्यावर गेलीय."

शेवटी हँडल फिरवून फिरवून मला विहिरीतल्या बादलीसारखं खाली सोडलं. दुआर्तला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं.


१३ फेब्रुवारी, मंगळवार

दुआर्तला कळलं. नेलियाला खोटं बोलता येत नाही. आईवर गेलीय — देव त्या बाईला शांती देवो. नऊ वर्षं झाली तिलाही.

दुआर्त माझा मुलगा. एकसष्ट वर्षांचा, विटांची कामं करतो, केंब्रिजमधल्या निम्म्या भिंती त्याने बांधल्यात. त्यामुळे भिंतीशी बोलावं तसाच बोलतो. जेवताना चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "माय, ईस्टरपर्यंत बघतो. तोवर ही खुर्ची सरळ झाली नाही तर तुझा बिछाना खाली. पुढच्या खोलीत."

पुढच्या खोलीत! त्या खोलीतल्या सोफ्यावरचं प्लास्टिक आम्ही अजून काढलेलं नाही. तिथे फक्त फादर बसतात, आणि घरात कुणी गेलं की माणसं. मला तिथेच झोपवायचं म्हणजे सगळं एकदमच उरकायचं!

वरची खोली माझी आहे. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिथे उठतेय. खिडकीतून नदी दिसते, माझी सूतगिरणी दिसते — आता तिथे फ्लॅट झालेत, माणसं पैसे देऊन राहतात. आम्हाला तिथून पळायची घाई असायची. कुणी आपल्या दारातला बर्फ काढला, कुणी शेजाऱ्याच्या दारात लोटला, सगळं दिसतं. खालच्या खिडकीतून काय दिसतं? दुआर्तचा ट्रक.

"खाली राहिले की मी म्हातारी होईन," म्हटलं.

"माय, तू चौऱ्याऐंशी वर्षांची आहेस."

"वर नाही!"

स्वतः मात्र गेल्या पानगळीत वरून उठून खाली मागच्या खोलीत झोपायला गेला. का, तर त्याच्या घोरण्याने माझी झोप मोडते. मी कानातलं यंत्र काढून ठेवलं की देवदूतांनी तुतारी फुंकली तरी मला कळायचं नाही. पण गेला. घोड्याला पाणी दाखवता येतं, दुआर्तला तेही दाखवता येत नाही.


१४ फेब्रुवारी, बुधवार

चर्चमधून कपाळाला राख लावून आले, ईस्टरपर्यंतचा उपास सुरू. फादरने विचारलं, या उपासात काय सोडणार? म्हटलं, रागावणं. फादर इतका हसला की राख माझ्या नाकावर सांडली.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज नेलियाने मला लॉइडचा प्रोग्रॅम वाचून दाखवला. लॉइड म्हणजे कंपनीतला जुना माणूस. एकोणीस वर्षं एकट्याने लिहीत बसला, मग मेला. चांगला असेल बिचारा. पण लिखाण!

"जर माणूस बसलंय, आणि खुर्चीचा हात खाली आहे, आणि खुर्ची वर जात नाहीये — पण मघाशी वर जात होती, आणि मधे काही आडवं आलं होतं, आणि ते आता नाहीये — पण जर बॅटरी…"

मला डुलकी लागली. जागी झाले तरी तेच वाक्य चालू.

"हे एक पान झालं वोवो. अशी चाळीस आहेत. कुठेही बोट लावलं की दुसरीकडे काही तरी कोसळतं."

मला आमचा मुकादम ओनील आठवला. गिरणीत पहिल्या वर्षी सगळी यंत्रं तो एकटाच सांभाळायला बघायचा. मधे उभा राहून ओरडायचा — ए, तुझी भरली का? तुझी तुटली का? मघाशी तुटली होती ती तूच का? दर मिनिटाला सगळ्यांना सगळं विचारायचं. घसा बसायचा आणि धागा तुटायचा तो तुटायचाच. पुढे मालकाने त्याला हाकलून प्रत्येक यंत्र एकेका बाईला दिलं. माझ्या यंत्रावर मी. काय आलं तर काय करायचं ते मला ठाऊक, आणि माझं झालं की पुढे कुणाला हाक मारायची तेही. दुसऱ्या यंत्राशी मला देणंघेणं नाही.

हे मी नुसतं बोलत होते. नेलिया खुर्चीवरून उडालीच! म्हणते, तिला हेच करायचंय. याला नाव आहे, पुस्तकात आहे. खुर्चीची एकेक अवस्था वेगळी काढायची: थांबलेली, चढती, उतरती, अडलेली. प्रत्येक अवस्था म्हणजे एक बाई. बटण दाबलं की खुर्चीने डोकं चालवायचं नाही, ड्युटीवर जी बाई असेल तिच्याकडे ते द्यायचं. ती आपलं काम करणार आणि पुढच्या बाईला बोलावून घरी जाणार.

"हे पुस्तकात आहे?" मी म्हटलं. "आणि पुस्तकवाल्याने ओनीलला विचारलं होतं का?"

बायकांना नावं मी दिली. थांबलेली म्हणजे रोझालिना — आमच्या गिरणीत ती कायम बसलेलीच असायची. अडलेली म्हणजे फिलोमेना. फिलोमेना एकदा अडली की पोपसुद्धा तिला हलवू शकला नसता. नेलियाने प्रोग्रॅममध्ये खरंच ती नावं घातली! ग्रेगने पाहिलं तर?

"ग्रेग वाचत नाही वोवो. ग्रेग फक्त तारीख विचारतो."


१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खुर्ची चालली. दृष्ट लागू नये म्हणून एवढंच.


२० फेब्रुवारी, मंगळवार

लॉइडने काय काय करून ठेवलंय ते कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्याला विचारायला वर जावं लागेल. तितकी वर खुर्ची जात नाही. म्हणून नेलिया मला विचारते. आठ वर्षं रोज बसतेय मी तिच्यावर. प्रोग्रॅममधलं एक अक्षर मला कळत नाही, पण त्या खुर्चीची प्रत्येक खोड मला पाठ आहे.

तीन दिवस सांगतेय. नवव्या पायरीपाशी ती जरा दम घेते. पायाखाली चप्पल आली तर थांबते, आणि मग फक्त उलट्या बाजूला जाते. ज्या बाजूला अडली तिकडे पुन्हा ढकलत नाही. खुर्चीचा हात वर केला तर जागच्या जागी. उतरताना शेवटी हळू होते, नाही तर माझे दात हातात आले असते. नेलिया एकेक खोड एकेका चिठ्ठीवर लिहून जिन्याच्या भिंतीला चिकटवते. पिवळ्या चिठ्ठ्या थांबलेलीच्या, लाल अडलेलीच्या. सेराफीमच्या फोटोभोवती इतकं लाल झालंय की एखाद्या संताची मिरवणूक निघाल्यासारखं वाटतं.

मधल्या काळात फिलोमेनाने दोनदा माझा छळ केला. चप्पल आडवी आली, खुर्ची थांबली, फिलोमेनाने काम रोझालिनाकडे सोपवलं — पण चप्पल कुठल्या बाजूला आहे ते सांगितलंच नाही! मग खुर्ची पुन्हा त्याच चपलेवर. पुन्हा थांबली. पुन्हा चपलेवर. मी म्हटलं, "अगं, पाळी बदलताना आधीची बाई नंतरचीला सांगून जाते ना, सात नंबरचा धागा तुटतोय बघ म्हणून! न सांगता गेली तर तिच्या झिंज्या उपटायचो आम्ही." नेलियाने डोक्याला हात लावला. रात्रीच्या सूपच्या आधी दुरुस्त केलं.

एक गोष्ट मात्र कुणालाच कळली नाही. लॉइडने एका ठिकाणी लिहून ठेवलंय — खुर्ची खाली उभी असताना बटण लागोपाठ दोनदा दाबलं, तर पिंप करून थोड्या वेळाने रिकामीच वर निघून जाते. बाजूला शेरा: "राहू द्या." का, ते नाही.

"तू करतेस का असं कधी?" नेलियाने विचारलं.

"मी कशाला? मी खाली, खुर्ची वर — मग मी वर कशी जाणार, उडत?"

"म्हणजे कुणीच वापरत नाही." आणि काढून टाकलं. आता दोनदा दाबलं की खुर्ची समजणार, माणूस घाबरलंय. पिंप करून कुलूप, आणि फिलोमेना ड्युटीवर. खालची किल्ली फिरवेपर्यंत हलायचं नाही. बरोबरच आहे म्हटलं. घाबरलं की माणूस दोनदाच दाबतं.


२४ फेब्रुवारी, शनिवार

नवा प्रोग्रॅम आत गेला. चाळीस पानांची अकरा झाली!

दुआर्तला जिन्याखाली उभं करून मी राणीसारखी वर गेले, खाली आले, परत वर. चप्पल टाकून पाहिली, काठी आडवी घालून पाहिली. एकदाही नाटक नाही. नवव्या पायरीवर तो दमसुद्धा नेलियाने ठेवलाय, मला सवय आहे म्हणून.

"बोल आता," मी वरून म्हटलं.

"बरं," म्हणाला. "बघू."

बघू! एक वीट जास्त ठेवली असती तर घर पडलं असतं. पण खूश होता. वाइन काढू म्हणाला, आणि तळघरातून आणायला नेलियाला पाठवलं. पूर्वी कुणाला जाऊ द्यायचा नाही — परक्या हाताने वाइन रागावते म्हणायचा. मऊ पडतोय म्हातारपणी.


२६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठला उठून खोलीबाहेर आले तर खुर्ची नाही!

रात्री मी तिच्यावरून वर आले. माझ्याच हाताने दुमडून ठेवली. आणि आता ती खाली, जिन्याच्या पायथ्याशी, लाल दिवा लावून बसलेली. बटण दाबलं — ढिम्म. फिलोमेना! अंगात गाऊन, हातात काठी, जमिनीवर आपटत बसले. नेलिया तळघरात झोपते, तिला ऐकू यायला वीस मिनिटं लागली.

"वोवो, तू रात्री खाली सोडलीस?"

"हो, आणि मी उडत वर आले."

दुआर्त साडेसहालाच निघून गेलेला असतो. त्याला सांगितलं नाही.


२७ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच. नेलिया आज कंपनीत गेलेली, घरात कुणी नाही. बसून बसून उतरले. एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. तेरा पायऱ्या. बूड अजून दुखतंय. हे कुणालाही कळता कामा नये.


२८ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा! आणि आज दुआर्तला कळलं, कारण नेलियाने कपाळ बडवून घेतलं ते त्याच्यासमोर. "आपोआप अवस्था बदलतेच कशी? कुणी हाक मारल्याशिवाय बाई येते कशी?"

दुआर्त सूपकडे बघत म्हणाला, "जुनाच प्रोग्रॅम घाल ना परत."

"बाबा, जुन्याने हिला चाळीस मिनिटं लटकवलं!"

"त्याच्या आधी लटकवत नव्हता. त्याच्या आधी सगळं ठीक होतं."

नेलिया ताट तसंच टाकून खाली गेली. मी दुआर्तला म्हटलं, पोरीने पंधरा दिवस डोळे फोडलेत, एक शब्द बरा बोलता येत नाही? तो कोबीची पानं चमच्याने इकडची तिकडे करत बसला.


३ मार्च, रविवार

शनिवारी ठीक. आज ठीक. खुर्ची रात्री ठेवली तिथेच सकाळी. मी म्हटलं, धार्मिक आहे, सुट्टीच्या दिवशी पाप करत नाही. नेलिया हसली नाही. वह्या काढून बसली — म्हणते, प्रोग्रॅमला वार कळत नाही, वारच त्यात नाही!


४ मार्च, सोमवार

सोमवार आला, खुर्ची खाली. पाप सुरू.


७ मार्च, गुरुवार

आज दुआर्तने पुढच्या खोलीत टेप लावली. मुंडी खाली घालून, सोफा किती, भिंत किती. माझा बिछाना बसतो का बघत होता. मी दारात काठी आपटली.

"शवपेटीचं माप घेतोस का?"

"माय!"

"ईस्टरला अजून तीन आठवडे आहेत. ईस्टर म्हणालास म्हणजे ईस्टर."

"आणि तू पडलीस तर? वर? सकाळी? मी काय करायचं?"

"वर येऊन उचलायचं! पूर्वी मी तुला उचलत होते, माझे हात तुटले का?"

त्याने टेप मिटवली. खटकन. बाहेर जाऊन ट्रकमध्ये बसला. ट्रक चालू केला नाही, नुसता बसला. हट्ट! बापाचाच.

इकडे नेलियाने सगळं उसवून परत शिवलंय. म्हणते, बायका पाळी संपली तरी मागचं लक्षात ठेवतात की काय; म्हणून आता दर खेपेला नवी बाई उभी करायची, कोऱ्या डोक्याची. केलं. तरी सकाळी खुर्ची खाली. ग्रेगने फोनवर सांगितलं, पुढच्या शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर लॉइडचंच घालून पाठवू. पोरगी माझ्या मांडीत डोकं घालून रडली. तीस वर्षांची घोडी.

मलाही रडावंसं वाटलं, पण उपास आहे.


१२ मार्च, मंगळवार

नेलियाला अक्कल आली. म्हणजे मी दिली, पण तिला तिचीच वाटते, तर वाटू दे. म्हटलं, गिरणीत दारावर कार्ड टोचायचं यंत्र होतं. आत येताना टोच, जाताना टोच. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, रडारड करून उपयोग नाही. तुझ्या बायकांना लाव की ते!

लॉइडच्या चाळीस पानांत हे लावायला जन्म गेला असता, आता अकरा ओळींत झालं म्हणे. प्रत्येक बाई आली की वेळ लिहिणार, गेली की वेळ लिहिणार. कुणी हाक मारली तेही.

आज रात्री लावून ठेवलंय. उद्या चोर सापडतो.


१३ मार्च, बुधवार

सापडला.

सकाळी खुर्ची खाली, लाल दिवा. नेलियाने किल्ली फिरवली, मला उतरवलं, आणि टोस्टवर लोणी लावता लावता वाचायला लागली. मी जसंच्या तसं सांगते.

सहा वाजून चार मिनिटं. रोझालिना गेली, उतरती आली. खालच्या भिंतीवरच्या बटणाने बोलावलं. खुर्ची रिकामी.

सहा सहा. रोझालिना. मग कुणी तरी बसलं. चढती आली.

सहा आठ. वर पोचली. उठलं.

सहा चौदा. बसलं. उतरती.

सहा सोळा. खाली. उठलं. बटण, लगेच पुन्हा बटण. फिलोमेना आली.

"बघितलंस!" नेलिया आनंदाने ओरडलीच. "माझी एकही बाई चुकलेली नाही! जे सांगितलं तेच करतायत. दोष प्रोग्रॅममध्ये नाहीच. सीटखालचं बटण खराब आहे, बसलं बसलं म्हणतं. आणि भिंतीवरचंही. आणि मोटरसुद्धा, वोवो, मोटर किती जोर लावते तेही लिहून ठेवलंय मी. तू बसलीस की लागतो त्याच्या दुप्पट! म्हणजे मोटरही खोटं बोलते!"

मी शंभर पौंडांची आहे. तेही ओव्हरकोट घालून.

पोरगी एवढी शिकली. टोस्ट हातात धरून, डोळे चमकतायत, ग्रेगला फोन लावतेय की तिन्ही भाग बदलून द्या. तिला काही दिसलं नाही. माझ्या हातातला चहा गार झाला. दुआर्त खाली झोपायला गेला त्या पानगळीपासून, मी हिशेब केला. लॉइडच्या खुर्चीला दोनदा दाबलं की ती गुपचूप वर परत जायची. कुणाला काही कळायचं नाही. सकाळी खुर्ची माझ्या दाराशी, जिथे ठेवली तिथेच.

मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की घरात सगळ्यांना वाटतं मला बरं नाही. नेलियाने कपाळाला हात लावून पाहिला.


१४ मार्च, गुरुवार

रात्री कानातलं यंत्र काढलं नाही. सहाला खुर्चीचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले, पूर्ण नाही. दुआर्त खुर्चीवरून उतरला, दाराची चौकट धरून उभा राहिला. उभ्याउभ्याच धापा टाकत होता, टोपी छातीशी दाबलेली. माझं पांघरूण वरखाली होतंय का बघत होता. सहा मिनिटं. मी मुद्दाम जोरात श्वास घेतला.

नेलियाला सांगितलं: तुझ्या बायका खरं बोलतात. मोटरही. उद्या कामावर जाऊ नकोस, बापाला डॉक्टरकडे घेऊन जा.

संध्याकाळी दुआर्तला म्हटलं, माझा बिछाना खाली आण, वर मला भीती वाटते.

खोटं बोलले. वाटलं, हसेल, टोमणा मारेल, निदान विचारेल तरी, कसली भीती.

"बरं, माय," म्हणाला. आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकला.

तेव्हा वाटली.